भाड्याची गाडी आणि कटाचं कलम

माझ्या भाच्यावर दरोड्याची केस आहे. ती अजून चालू आहे. गल्लीत, सोसायटीत, देवळात कुणी ना कुणी विचारतं, "पोरगं सुटलं का हो?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सगळं सांगणं होत नाही. शिवाय आमच्या शिरोळ तालुक्यात छोटा हत्ती, पिकअप, ट्रॅक्टर भाड्यानं चालवणारी पोरं गावोगावी आहेत. त्यांच्या घरच्यांना हे ठाऊक असावं, म्हणून जे झालं ते क्रमानं लिहितो. खटला चालू असल्यामुळं नावं लिहीत नाही.

मी जयसिंगपुरात राहतो. सेवा सोसायटीत सचिव होतो, त्यामुळं कागद वाचायची सवय आहे. बहीण उदगावला असते. दाजी वारल्यावर भाच्यानं बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि कर्जावर छोटा हत्ती घेतला. भाजी, खतं, लग्नाचं सामान, जे भाडं मिळेल ते करायचा. वय तेवीस.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. उसाचा हंगाम जोरात होता. दुपारी त्याला शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. गावाबाहेरचं एक गोदाम रिकामं करायचंय, मालकाला रात्रीच माल हलवायचाय, येतोस का? भाडं ठरलं अठराशे रुपये. पाचशे रुपये लगेच फोनपेवर आले. रात्री अकराच्या सुमाराला भाच्यानं सांगितलेल्या जागी, मोठ्या रस्त्यावर, गाडी लावली. गोदाम तिथून आत आहे. आत चौघं होते. त्यांनी राखणदाराला बांधलं, लोखंडी गज डोक्यात घातला आणि तांब्याची तार व मोटारी बाहेर काढल्या. मग फोन करून गाडी आत बोलावली. माल भरला. अंकलीचा पूल ओलांडून गाडी सांगलीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडं गेली. तिथं माल उतरला आणि भाच्याच्या हातात उरलेल्या तेराशेऐवजी पाच हजार रोख ठेवले. ते त्यानं घेतले.

पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस बहिणीच्या दारात आले.

मी पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला त्याच्याशी बोलू दिलं नाही. एक हवालदार म्हणाला, "मास्टरमाइंडमधला आहे तुमचा भाचा." हा शब्द ऐकून माझे पाय गळाले. जो पोरगा आईला विचारल्याशिवाय गाडीचं टायर बदलत नाही, तो मास्टरमाइंड कसा, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी एफआयआर हातात आला. तो मागत बसावं लागलं नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बहुतेक गुन्ह्यांचे एफआयआर टाकतात, सोसायटीतल्या एका पोरानं तिथून काढून दिला. त्यावर भारतीय न्याय संहितेची कलमं होती. ३१०(२), म्हणजे दरोडा. ६१(२), म्हणजे फौजदारीपात्र कट. आणि ३(५), म्हणजे सगळ्यांचा समान उद्देश. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता गेली, त्यामुळं गल्लीतल्या जाणत्या माणसांनाही हे आकडे कळेनात. जुन्या हिशेबानं ते ३९५, १२०-ब आणि ३४. "१२०-ब" म्हटल्यावर सगळे गप्प झाले. तो आकडा लोकांना वर्तमानपत्रातून पाठ आहे.

जयसिंगपूर कोर्टातले एक वकील ओळखीचे होते. त्यांनी पहिल्या रिमांडला काम बघितलं आणि पुढं कोल्हापूरच्या एका फौजदारी वकिलांकडं पाठवलं. त्यांनी आधी आम्हाला काहीच समजावलं नाही. फक्त प्रश्न विचारले. फोन कुणी केला, किती वाजता, भाडं किती ठरलं, पैसे कसे आले, गाडी कुठं उभी होती, इंजिन चालू होतं का, त्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हा होता का. बहीण रडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमचा मुलगा चांगला आहे हे कोर्टात सांगून उपयोग नाही. त्याला काय ठाऊक होतं आणि कधी ठाऊक झालं, एवढ्यावर ही केस उभी आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. ते इथं माझ्या भाषेत देतो.

गुन्ह्यात मदत करणारा वेगळा आणि कटात असलेला वेगळा. मदत करणारा म्हणजे जो गुन्ह्याच्या आधी किंवा गुन्हा चालू असताना, तो सोपा व्हावा म्हणून जाणूनबुजून काहीतरी करतो. गाडी देतो, कुलपाची किल्ली देतो, रस्त्यावर राखण करतो. कायद्याच्या भाषेत ही अपप्रेरणा, कलम ४५. यात सरकार पक्षाला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. त्यानं प्रत्यक्ष काहीतरी केलं, आणि करताना कशाला हातभार लावतोय हे त्याला ठाऊक होतं. गुन्हा पुरा झाल्यावर केलेली मदत यात येत नाही. चोरीचा माल हलवणं, लपवणं, त्याची विल्हेवाट लावायला हात देणं याला वेगळं कलम आहे, ३१७, आणि साध्या चोरीच्या मालाला त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र माल दरोड्यातला आहे हे ठाऊक असून तो ठेवून घेतला, तर तीही जन्मठेपेपर्यंत जाते.

कटाचं तसं नाही. दोघांनी किंवा अधिक जणांनी गुन्हा करायचं ठरवलं, की ते ठरवणं हाच गुन्हा. पुढं चोरी झाली नाही तरी कट झालेला असतो. आणि एकदा कटात नाव आलं की तुम्ही जागेवर होता की नव्हता, गज कुणी मारला, हे विचारलं जात नाही. ठरलेल्या कामासाठी एकानं केलेलं सगळ्यांच्या अंगावर येतं. वकील म्हणाले, "ऊसतोडीची टोळी उचल घेते ना, तसं. एकजण पळाला तरी मुकादम बाकीच्यांकडून वसूल करतो. पण त्या टोळीला नुसतं गावापर्यंत सोडणाऱ्या गाडीवाल्याकडं मुकादम उचल मागायला जात नाही."

मी विचारलं, मग मदत करणाऱ्याला शिक्षा कमी असेल? त्यांनी मान हलवली. आमच्याकडं सगळ्यांचा असाच समज आहे आणि तो चुकीचा आहे. ज्याला मदत केली तो गुन्हा घडला, तर मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होऊ शकते, कलम ४९. गंभीर गुन्ह्याच्या कटालाही तीच. इतकंच नाही, ज्या गुन्ह्याला मदत केली त्यातून दुसरंच काही घडलं आणि ते घडणं साहजिक होतं, तर तेही मदत करणाऱ्यावर येतं. कायद्यातच उदाहरण आहे. रात्री राहत्या घरात घुसून जबरी चोरी करायला ज्यानं चिथावलं आणि हत्यारं पुरवली, त्याच्यावर त्या घरातल्या खुनाची जबाबदारीही येऊ शकते. म्हणजे "मी तर बाहेरच होतो" हे कोर्टात पुरत नाही. १९२३ साली बंगालमध्ये पोस्ट लुटताना पोस्टमास्तरचा खून झाला. आरोपी म्हणाला, मी बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलो होतो. प्रिव्ही कौन्सिलनं ते मानलं नाही. समान उद्देशानं बाहेर उभा राहणाराही खुनात सामील, असा तो निकाल आहे आणि आजही वकील तो दाखवतात.

हे ऐकून माझा धीर सुटला होता. मग कटाचं कलम काढून काय मिळणार, शिक्षा तर तीच, असं मी बोललो. ते म्हणाले, "फरक पुराव्यात आहे. बघा."

त्या चौघांच्या ग्रुपवर आदल्या दिवशीचा एक मेसेज होता. "गाडीवाला सेट आहे." पोलिसांनी पुढं तो दोषारोपपत्रात पहिल्या पानावर आणला. एरवी दुसऱ्यानं कुणाला लिहिलेली ओळ माझ्या भाच्याविरुद्ध वापरता येत नाही. तो ग्रुपमध्ये नव्हता, त्यानं ती वाचली नव्हती. पण कटाच्या आरोपात साक्ष अधिनियमाचं आठवं कलम लागतं. एकत्र कट केला असं मानायला वाजवी कारण असेल, तर कट चालू असताना एकानं बोललेलं, लिहिलेलं, केलेलं बाकीच्यांविरुद्धही पुराव्यात घेता येतं. म्हणजे भाचा कटात धरला तर ती ओळ त्याच्या गळ्यात. तो कटात नसला तर ती त्याच्यापुरती रद्दी. आणि दुपारचा फोन तर मेसेजनंतरच्या दिवशी आला होता. चौघांनी त्याला विचारायच्या आधीच तो "सेट" आहे असं आपापसात धरलं होतं. ही तारीख आणि वेळ आम्हाला पुढं फार उपयोगी पडली.

त्यातला एक आरोपी पोलिसांसमोर म्हणाला होता की गाडीवाल्याचा वाटा ठरला होता. त्याची बहिणीनं धास्ती घेतली होती. वकिलांनी सांगितलं की पोलिसांसमोरचा कबुलीजबाब तसा पुरावा होत नाही, आणि अटकेनंतर बोललेलं आठव्या कलमातही बसत नाही, कारण तेव्हा कट संपलेला असतो. हे १९४० मध्येच प्रिव्ही कौन्सिलनं ठरवून ठेवलंय. त्या रात्री बहिणीनं बऱ्याच दिवसांनी नीट जेवण केलं.

वकिलांनी एक जुना खटलाही सांगितला, तो मला सगळ्यात नीट समजला. महात्मा गांधींच्या खुनाचा. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात स्फोट करून मदनलाल पहवा जागेवरच पकडला गेला. ३० जानेवारीला गोळ्या झाडल्या तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात होता. तरी त्याला कटासाठी जन्मठेप झाली. कारण ठरवण्यात तो होता. आणि त्याच खटल्यात शंकर किस्तय्या नावाचा एक माणूस होता. पुण्यात शस्त्रं विकणाऱ्या दिगंबर बडगेचा तो नोकर. मालकाबरोबर दिल्लीला गेला, मालकानं दिलेलं सामान वाहिलं, २० तारखेला जागेवर हजर होता. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं १० फेब्रुवारी १९४९ ला त्यालाही जन्मठेप दिली, शिक्षा कमी करावी अशी शिफारस करून. पुढं जूनमध्ये सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयानं त्याला सोडलं. तो मालकाच्या सांगण्यावरून वागत होता, कटाची त्याला माहिती होती हे शाबीत झालं नाही. एकजण कोठडीत असून दोषी, दुसरा जागेवर असून सुटला. तेव्हापासून मी "कुठं होता" हे विचारणं सोडलं आणि "काय ठाऊक होतं" हेच विचारायला लागलो.

अमेरिकेतही असा एक निकाल आहे, १९४६ चा, पिंकर्टन भावांचा. एक भाऊ तुरुंगात असताना दुसऱ्यानं दारूवरचा कर बुडवला, आणि कटात होता म्हणून तुरुंगातल्यालाही त्यासाठी धरलं. कट म्हणजे किती लांब हात असतो हे यातून कळतं. उलट बाजूनं राजीव गांधी हत्येचा खटला. खालच्या कोर्टानं २६ जणांना फाशी सुनावली होती. ११ मे १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या १९ जणांना खुनाच्या कटातून मोकळं केलं. ओळख होती, येणंजाणं होतं, आसरा दिला, एवढ्यावर कट शाबीत होत नाही. खून करायचं ठरवण्यात सामील असल्याचं दिसलं पाहिजे. आमच्या वकिलांनी हा निकाल भाच्याच्या अर्जाला जोडला.

भाचा तोवर कळंबा जेलमध्ये गेला होता. पहिल्या मुलाखतीला मी एकटाच गेलो. बहिणीला न्यायचं धाडस झालं नाही. मी त्याला सरळ विचारलं, तुला कधी कळलं? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आत गाडी घेतली तेव्हा राखणदार दिसला नाही मला. पण पोरं घाई करत होती, हात थरथरत होते एकाचे. तेव्हाच शंका आली. भंगारवाल्याकडं गेल्यावर कळलंच. आणि तरी पैसे घेतले मी." मला राग आला आणि त्याच वेळी हलकंही वाटलं, कारण तो खरं बोलत होता. मी तसंच्या तसं वकिलांना सांगितलं. घरातल्या काहींचं म्हणणं होतं की पाच हजारांचं सांगू नये. वकील म्हणाले, माझ्यापासून लपवाल आणि सरकारी वकील उलटतपासात काढतील, त्यापेक्षा मला आधी ठाऊक असलेलं बरं. शिवाय अठराशे रुपये ठरलेले असणं हे भाडं आहे, वाटा नाही. नंतर जास्त मिळालेले पाच हजार हे माल हलवल्यानंतरचे आहेत. ते ३१७ कडं नेतात, कटाकडं नाही.

अडचणीची गोष्ट म्हणजे रात्रीचा एक फोन. माल बाहेर यायच्या बराच आधी, आतून एकानं भाच्याला फोन केला होता. सरकार पक्ष म्हणतो, रस्त्यावर लक्ष ठेव असं सांगितलं. भाचा म्हणतो, थोडा वेळ लागेल, थांब, एवढंच सांगितलं. बोलणं रेकॉर्ड झालेलं नाही. हा फोन जर राखण करण्यासाठी होता, तर भाचा कटात नसला तरी मदत करणारा ठरतो. आणि दरोड्याला पाच माणसं लागतात. मोजताना प्रत्यक्ष करणारे आणि हजर राहून मदत करणारे दोन्ही धरतात. तो पाचवा आहे की नाही, यावर बाकी चौघांचं कलमही हलतं. चौघंच असतील तर ती जबरी चोरी होते. मारहाण झाल्यामुळं तिची शिक्षाही जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, पण खटल्याची वाट बदलते.

याच काळात एक मध्यस्थ घरी आला. "पोराला माफीचा साक्षीदार करू, आठवड्यात बाहेर येईल," म्हणाला. पैशाचा आकडाही सांगितला. बहीण मंगळसूत्र मोडायला निघाली होती. मी तिला थांबवून वकिलांना फोन लावला. ते चिडले. माफी देणं पोलिसांच्या किंवा मध्यस्थाच्या हातात नसतं, ती न्यायालय देतं. आणि माफीचा साक्षीदार लगेच सुटत नाही. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला आत राहावं लागतं. त्यात सगळं खरं सांगावं लागतं, काही लपवलं तर माफी जाते आणि मूळ खटला परत उभा राहतो. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला, बाकी चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. तो स्वतः त्या टोळीतला होता, म्हणून त्याच्याकडं सांगण्यासारखं होतं. "तुमच्या भाच्याला आतलं काय ठाऊक आहे? ज्याला कट ठाऊक नाही त्यानं माफी मागायची म्हणजे कट ठाऊक होता असं स्वतःच लिहून द्यायचं." हे वाक्य मी मध्यस्थाला ऐकवलं. तो परत आला नाही.

दंडाधिकाऱ्यांकडं जामीन नाकारला गेला. जन्मठेपेचं कलम असल्यानं तो नाकारला जाईल हे आधीच सांगितलं होतं, तरी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना डोळ्यांसमोर अंधारी आली. अशा गुन्ह्यात दोषारोपपत्राला नव्वद दिवसांची मुदत असते. पोलिसांनी ती पाळली. त्यानंतर सत्र न्यायालयानं जामीन दिला. फोनपेची नोंद, मेसेज आणि फोन यांच्या वेळा, आधीचा एकही गुन्हा नसणं, हत्यार किंवा रोख वाटा न सापडणं, हे आदेशात आलंय. जामीनदार म्हणून माझा सातबारा लावला. साक्षीदारांना भेटायचं नाही, ठाण्यात हजेरी द्यायची, अशा अटी. दुसऱ्या एका आरोपीचा अर्ज उच्च न्यायालयात गेला. तेव्हा त्याच्या घरच्यांना मुंबई गाठावी लागत होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचं काम सुरू झालं, त्यामुळं आता तो खर्च आणि रात्रीचा प्रवास तरी वाचेल.

गाडीचंही सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी होती आणि हप्ते चालूच होते. खटला संपेपर्यंत ती तिथंच राहते असं आम्हाला वाटत होतं. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय की वाहनं ठाण्यात सडवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर मालकाला द्यावीत. अर्ज केला, तिचे फोटो झाले, ती विकणार नाही आणि बोलावलं की हजर करीन असं लिहून दिलं, आणि सुपुर्तनाम्यावर गाडी मिळाली. बॅटरी गेली होती, टायर बसले होते. पण हप्ता भरायची सोय झाली.

भाच्याचा मोबाईल मात्र अजून जप्त आहे. यातून एक गोष्ट घडली ती सांगण्यासारखी आहे. फोनपेच्या नोंदी आम्ही बँकेच्या उताऱ्यातून मिळवल्या, पण दुपारच्या फोनचं आणि आधीच्या महिन्यातल्या इतर भाड्यांचं काय? भाचा एका छोट्या वहीत भाडी लिहायचा. कुणाचं, कुठून कुठं, किती. दाजींनी लावलेली सवय. त्या वहीत त्या रात्रीचं भाडं बाकीच्या भाड्यांसारखंच लिहिलेलं होतं, मित्राच्या नावापुढं अठराशे, जमा पाचशे. ज्याला दरोड्यात वाटा मिळणार आहे तो भाड्याची नोंद करत नाही, असा मुद्दा वकिलांनी मांडला. ती वही त्यांनी लगेच कोर्टात दाखल केली नाही. दोषमुक्तीच्या अर्जावर कोर्ट मुख्यतः पोलिसांचेच कागद बघतं, आरोपीचा बचाव पुढं साक्षीपुराव्यात येतो, असं ते म्हणाले. वही माझ्या कपाटात आहे.

दोषमुक्तीच्या अर्जाची मुदत नव्या कायद्यात बांधलीय. प्रकरण सत्र न्यायालयाकडं पाठवल्यापासून साठ दिवसांत अर्ज करावा लागतो. आमच्या वकिलांनी ती तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेननं लिहून ठेवली होती. अर्जावर बरीच चर्चा झाली. सरकारी वकिलांचं म्हणणं, कट अंधारात होतो, त्याचा थेट पुरावा कधीच नसतो, परिस्थितीवरून ओळखायचा. हे खरंच आहे, कायदाही तसंच म्हणतो. आमच्या वकिलांनी विचारलं, मग परिस्थिती दाखवा. ग्रुपमध्ये नाही. बैठकीला नाही. वाटा ठरल्याचा कागद नाही. भाडं बाजारभावाचं. मेसेज त्याला फोन करायच्या आदल्या दिवसाचा.

कोर्टानं कटाचं कलम भाच्यापुरतं काढलं. बाकी चौघांवर ते कायम आहे. पण मदतीचा आरोप आणि चोरीचा माल हलवल्याचा आरोप भाच्यावर ठेवला. रात्रीच्या त्या फोनचा अर्थ साक्षीपुराव्याशिवाय ठरवता येणार नाही, असं आदेशात आहे. मला तो आदेश योग्य वाटला. बहिणीला वाटला नाही. तिला वाटलं होतं त्या दिवशी सगळं संपेल. मी तिला समजावलं की आता त्या चौघांनी आपसात जे लिहिलं, बोललं, ठरवलं ते तुझ्या मुलाच्या विरोधात वाचलं जाणार नाही. त्यानं स्वतः काय केलं आणि त्याला काय ठाऊक होतं, एवढ्याचाच जाब त्याला द्यायचाय. तिनं विचारलं, "आणि तेवढ्यात तो दोषी निघाला तर?" मी म्हणालो, तर शिक्षा होईल. त्या राखणदाराच्या डोक्याला टाके पडलेत, तोही कुणाचा तरी बाप आहे. ती काही बोलली नाही.

राखणदाराची साक्ष झालीय. त्यानं चौघांना ओळखलं. गाडी चालवणाऱ्याला पाहिलं नाही, असं उलटतपासात सांगितलं. आमच्या बाजूनं हे चांगलं असलं तरी पुरेसं नाही, कारण राखण करणारा बाहेरच असतो. भाचा सध्या दिवसाचीच भाडी घेतो, आणि माल कुणाचा आहे याची पावती किंवा मालकाचा फोन असल्याशिवाय गाडी लावत नाही. पुढच्या तारखेला मोबाईल कंपनीचा अधिकारी साक्षीला यायचाय. तो फोन किती सेकंदांचा होता आणि तेव्हा भाच्याचा मोबाईल कुठल्या टॉवरखाली होता, हे त्याच्या कागदावरून कोर्टासमोर येईल.